विकेट घ्या, पण कॅप्टन होऊ नका!

आमच्या केळापूरकडे कापूस निघाला की मोकळ्या वावरात क्रिकेट सुरू होतं. टीम पाडली की भांडण होतं ते बॅटिंगवरून. बॉलिंग काय, कोणीही टाकतो! याच 'कोणीही'मधून भारताचा पहिला मोठा बॉलर घडला, हे मला वाचनातून कळलं. त्याचं नाव पालवणकर बाळू.

जन्म 1876 सालचा. चर्मकार समाजातलं घर. पुण्यात इंग्रजांच्या क्लबमध्ये महिना चार रुपयांवर पिचवर रोलर फिरवणं, नेट बांधणं ही त्यांची कामं. साहेबांना सराव हवा, म्हणून बाळू बॉल टाकायचे. जे. जी. ग्रेगसारख्या नामांकित बॅट्समनला त्यांनी नेटमध्ये तासन्‌तास बॉलिंग केली. नेटमध्ये बॅट मात्र त्यांच्या हाती कधी दिली गेली नाही. पण तेवढ्या सरावावर त्यांची डावखुरी स्पिन तयार झाली.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतलं. आता गंमत बघा. मैदानावर बाळूंनी फेकलेला बॉल सगळे झेलत, पण चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा. जेवणाचं पानही वेगळं. नंतर ते मुंबईला आले. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवलं, त्यात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघेही होते.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाचे हाल झाले, 23 पैकी 15 सामने हरला. बाळूंनी मात्र वयाच्या पस्तिशीत 114 विकेट काढल्या! प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत त्यांच्या एकूण 179 विकेट आहेत, सरासरी अवघी 15.21.

इतकं करूनही हिंदू संघाचं कॅप्टनपद त्यांना मिळालं नाही. 1920 साली धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी या अन्यायाविरुद्ध संघ सोडला, वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. मग तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाले. शेवटी 1923 साली विठ्ठल कॅप्टन झाले आणि त्याच वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. जे थोरल्याला मिळालं नाही, ते धाकट्याने भांडून मिळवलं.

बाळूंनी 1937 साली डॉ. आंबेडकरांविरुद्ध निवडणूक लढवली व ते हरले. 1955 साली त्यांचं निधन झालं.

आपण मेरिटच्या गप्पा फार मारतो. बाळूंचं मेरिट स्कोअरबुकात छापलेलं होतं, तरी त्यांच्या घराला कॅप्टनपदासाठी 1923 पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा दोस्तांनो, यंदा गॅदरिंगची टीम निवडताना ग्रुप, गाव, आडनाव बाजूला ठेवा. आणि हो, नेटमध्ये नुसता बॉल टाकणाऱ्या पोरालाही एकदा बॅटिंग द्या!