नळी बसवल्यानंतरचा डोळा : काचबिंदू असलेले मूल वर्गात असेल तर



माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याला जन्मापासून काचबिंदू. (मोतीबिंदू नव्हे, आपल्याकडे हमखास गल्लत होते. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं. काचबिंदूत बहुतेक वेळा दाब वाढून डोळ्यामागची नस सुकत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही.) तीन वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यात नळी बसवली. आई म्हणाली, "बाई, ऑपरेशन झालंय, आता काळजी नाही." मीही तेच धरून चालले.

जुलैत डोळ्यांची साथ आली. त्याचाही डोळा लाल झाला. मी सगळ्यांसारखंच त्याला सांगितलं, डोळे आलेत, चार दिवस घरी राहा. आई मात्र त्याला त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, म्हणून निभावलं. नळीवरचा पातळ पडदा झिजून नळी उघडी पडली होती.

डोळ्याच्या आत सतत एक पातळ द्रव तयार होतो. अश्रू वेगळे, हा वेगळा. त्याची बाहेर पडायची वाट तुंबली की दाब वाढतो. साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा हा नेहमीचा दाब. अशा वेळी सिलिकॉनची बारीक नळी बसवतात. तिचं एक टोक बुबुळाच्या पुढच्या पोकळीत, दुसरं वरच्या पापणीआड दडवलेल्या छोट्या प्लेटला जोडलेलं. द्रव प्लेटभोवती जमतो आणि शरीरात शोषला जातो. मदुराईच्या ऑरोलॅबने अशी नळी कमी किमतीत आपल्या देशातच तयार केली.

पण नळी म्हणजे कायमचा इलाज नव्हे. शरीर प्लेटभोवती जाड कवच बांधतं, द्रव शोषला जाईना की दाब पुन्हा चढतो. म्हणून अनेकांना पुन्हा थेंब सुरू करावे लागतात. नळी कॉर्नियाच्या फार जवळ असेल तर तिथल्या आतल्या पेशी कमी होतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत आणि काही वर्षांनी कॉर्निया सुजून धुरकट होतो. प्लेटमुळे डोळ्याचे स्नायू अडखळले तर एकाच्या दोन वस्तू दिसतात. लहान मुलांचा डोळा वाढत असतो, त्यामुळे नळीची जागाही सरकू शकते. आणि नळी उघडी पडली तर जंतूंना थेट आत जायला वाट मिळते. मग संसर्गाने नजरच जाऊ शकते. हे ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनीही घडू शकतं, बरं का!

अशा मुलाचा डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा चिकट पाणी आलं, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. मेडिकलमधून आपल्या मनाने थेंब आणू नका. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं आणि त्यानेच दाब वाढतो. डोळा चोळायला द्यायचा नाही. होळीचा रंग, चेंडूचा मार यांपासून जपायचं; खेळताना कोणता चष्मा वापरायचा ते डॉक्टरांनाच विचारा. मुलं दुखणं सांगत नाहीत, फळा दिसेना झाला तर वही शेजारच्याची बघून लिहितात. ते आपल्यालाच ओळखावं लागतं.

त्याच्यावर नवा पडदा शिवला. दिवाळीनंतर तो पुन्हा पहिल्या बाकावर बसायला लागला. हजेरीपटात त्याच्या नावापुढे मी आता आईचा नंबर आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून ठेवते.