महाविषाणूंचे कूळ आणि लम्पीची लस



२०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरली, तेव्हा गाई-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली. "शेळीची लस गाईला कशी लागू पडेल?" अशी शंका अनेक पशुपालकांनी घेतली. शंका रास्त होती. तिचे उत्तर विषाणूंच्या कुळात आहे. त्यासाठी या कुळातील सर्वांत मोठ्या भाऊबंदांची, म्हणजे महाविषाणूंची, ओळख करून घ्यावी लागेल.

विषाणू केवढा असतो?

भेंडीवर केवडा रोग आणणारा विषाणू सुमारे ३० नॅनोमीटर लांबीचा असतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असता त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. एवढा लहान कण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. त्याच्या आनुवंशिक मजकुराची लांबीही जेमतेम २,८०० अक्षरांच्या आसपास असते. विषाणू म्हणजे अतिसूक्ष्म, अशी आपली समजूत यावरूनच झाली आहे.

जिवाणू समजला, विषाणू निघाला

१९९२ साली इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे न्यूमोनियाच्या साथीचा तपास चालू होता. पाणी थंड करण्याच्या मनोऱ्यातील नमुन्यात अमिबाच्या शरीरात वाढणारा एक सूक्ष्म कण सापडला. तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होता व जिवाणूप्रमाणे रंगही घेत होता. म्हणून त्याची गणना जिवाणूत झाली. पुढे फ्रान्समधील मार्सेय येथील शास्त्रज्ञांनी २००३ साली तो विषाणू असल्याचे दाखवून दिले. जिवाणूची नक्कल करणारा म्हणून त्याला 'मिमिव्हायरस' हे नाव मिळाले. त्याचा आनुवंशिक मजकूर सुमारे १२ लाख अक्षरांचा आहे.

त्यानंतर असे अनेक विषाणू हाती लागले. २०१३ साली चिलीचा समुद्रकिनारा व ऑस्ट्रेलियातील एका तळ्यातून 'पँडोराव्हायरस' मिळाले. त्यांतील एकाचा मजकूर २५ लाख अक्षरांचा आहे. २०१४ साली सायबेरियाच्या ३० हजार वर्षे गोठलेल्या जमिनीतून 'पिथोव्हायरस' मिळाला आणि तो अजूनही अमिबाला संसर्ग करू शकत होता. २०१८ साली अमेरिकेतील एका जंगलाच्या मातीत १६ नवीन महाविषाणूंच्या आनुवंशिक खुणा आढळल्या. आपल्याकडे मुंबईच्या सांडपाण्यातूनही मिमिव्हायरसचा एक प्रकार वेगळा करण्यात आला असून त्याची माहिती २०१६ साली प्रसिद्ध झाली.

हे महाविषाणू मुख्यतः अमिबा, शेवाळ व तत्सम एकपेशीय जीवांवर जगतात. त्यांच्यावर जगणारे लहान विषाणूही आहेत. 'स्पुटनिक' हा असा पहिला विषाणू २००८ साली सापडला. तेव्हा मातीत वा तळ्यात महाविषाणू आहेत म्हणून पिकाची किंवा जनावरांची काळजी करण्याचे कारण नाही.

एवढे मोठे कसे झाले?

महाविषाणूंत प्रथिने बनविण्याच्या कामी येणारी काही जनुके आढळली. विषाणू हे काम यजमान पेशीकडून करून घेतो, त्यामुळे ही जनुके त्याच्याकडे असणे नवलाचे होते. हे पूर्वीच्या एखाद्या स्वतंत्र जीवाचे झिजलेले वंशज असावेत, असे काही शास्त्रज्ञांनी मांडले. परंतु २०१७ साली ऑस्ट्रियातील सांडपाण्यातून मिळालेल्या 'क्लोसन्यूव्हायरस'च्या अभ्यासात वेगळे चित्र दिसले. त्याची अशी जनुके वेगवेगळ्या यजमानांकडून वेगवेगळ्या वेळी आलेली होती. म्हणजे मूळचा लहान विषाणू यजमानांची जनुके उचलत मोठा झाला.

लम्पी याच कुळातील

महाविषाणू, देवीचे विषाणू व डुकरांतील आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू यांना शास्त्रज्ञांनी एकाच संघात ठेवले आहे. लम्पीचा विषाणू हा देवीच्या गटातील असून त्याचा मजकूर सुमारे दीड लाख अक्षरांचा आहे. महाविषाणूंपुढे तो लहान आहे, तरी केवड्याच्या विषाणूच्या पन्नासपटीहून मोठा आहे. (हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी आपण फवारतो तो एचएएनपीव्ही हा विषाणूही मोठा आहे, पण त्याचे कूळ वेगळे.)

लम्पी, मेंढ्यांची देवी व शेळ्यांची देवी हे तिघे सख्खे भाऊ आहेत. त्यांचा आनुवंशिक मजकूर सुमारे ९७ टक्के सारखा आहे. लम्पीच्या विषाणूत शाबूत असलेली नऊ जनुके इतर दोघांत निकामी झालेली आढळतात. उत्क्रांतीत जनुकांची भर पडते, तशी घटही होते. तिघांत एवढे साम्य असल्यामुळेच शेळीच्या लसीने जागी झालेली गाईची प्रतिकारशक्ती लम्पीलाही ओळखते. २०२२ सालीच हिसार व इज्जतनगर येथील संशोधन संस्थांनी खास लम्पीसाठी 'लम्पी-प्रोव्हॅक' ही लसही विकसित केली.

पशुपालकांनी लक्षात ठेवावे

१. लसीकरण साथ येण्यापूर्वी, पशुवैद्यकांनी सांगितलेल्या वेळी करून घ्यावे. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार होण्यास काही आठवडे लागतात.

२. माश्या, डास व गोचीड यांच्यामार्फत रोग पसरतो. गोठा कोरडा ठेवावा व शेण-मूत्र साचू देऊ नये.

३. अंगावर गाठी व ताप दिसताच जनावर वेगळे बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

४. वाळलेल्या खपल्यांत हा विषाणू महिनाभर व त्याहून अधिक टिकतो. खपल्या गोळा करून जाळाव्यात. गोठा आधी झाडून, धुऊन घ्यावा व मग २ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइटने निर्जंतुक करावा.

५. प्रतिजैविकांनी विषाणू मरत नाही. जखमेत जिवाणू शिरू नयेत म्हणून ती दिली जातात, तीही पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच द्यावीत.

६. हा रोग माणसास होत नाही. दूध मात्र नेहमीप्रमाणे उकळूनच वापरावे.

सोयरीक जुळवताना आपण कूळ पाहतो. रोगाच्या बाबतीतही कूळ कळले तर उपाय लवकर सापडतो. २०२२ साली खास लस बाजारात नसताना आपल्या गोठ्यातील जनावरांना शेळीच्या लसीचा आधार मिळाला, तो या ज्ञानामुळेच.