चूल वेगळी, कुटुंब एक

धाकट्यानें वेगळी चूल मांडली कीं, घर मोडलें असें गांवकरी लागलीच म्हणतात. आम्हांस हें घाईचें वाटतें. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई ह्यांनीं गुजराथेंतील महुवा येथील कुटुंबांचा अभ्यास करून १९६४ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. एका चुलीवर किती माणसें जेवतात एवढेंच मोजूं नये. मालमत्ता व परस्परांविषयींचीं कर्तव्यें ह्यांनीं तीं कितपत बांधलेलीं आहेत, हेंही पाहावें, असें त्यांचें प्रतिपादन. मुंबईस चाकरी करणारा पुत्र बहिणीच्या लग्नाचें कर्ज फेडतो, आईच्या औषधास पैसे पाठवितो. शिरगणतींत मात्र त्याचें घर निराळें. उलटपक्षीं, एकत्र म्हणविणाऱ्या घरांत विधवा भावजयीस कामाखेरीज कोणी हाक मारीत नाहीं, हेंही आम्हीं पाहिलें आहे. वाचकहो, जमिनींतला पतीचा वांटा तिला मिळाला काय, हें आधीं विचारा. चुली मग मोजा.