चालून काय होणार?



गेल्या महिन्यात पॅरिश कौन्सिलच्या सभेत आपल्या युवकांनी एक प्रस्ताव मांडला. हवामान बदलाविषयी जागृती व्हावी म्हणून आपल्या चर्चपासून धामणीच्या धरणापर्यंत पायी जायचे. अंतर नव्वद-शंभर किलोमीटर. सभेत जरा वेळ कोणी बोलेना. मग एक वयस्कर मावशी म्हणाल्या, "फादर, आपण चाललो म्हणून ऊन कमी होणार आहे का?" काही जण हसले. मला हसू आले नाही. तोच प्रश्न माझ्याही मनात होता आणि सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकूनही त्याचे उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. आजचा हा पाठ मावशींच्या त्या प्रश्नासाठी.

प्रथम एका माणसाची हकिगत ऐका. फिलिपाइन्स हा बहुसंख्य कॅथलिक लोकांचा, बेटांनी बनलेला देश. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी तेथे हैयान नावाचे चक्रीवादळ आले. सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. टाक्लोबान शहर तर समुद्राच्या लाटांनी धुऊन नेले. तीनच दिवसांनी पोलंडमध्ये वॉर्सा येथे संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद सुरू झाली. फिलिपाइन्सचे प्रतिनिधी येब सान्यो बोलायला उभे राहिले. टाक्लोबान हे त्यांच्या घराण्याचे गाव. त्यांचा भाऊ त्या वेळी तेथे स्वतःच्या हातांनी मृतदेह गोळा करत होता. बोलता बोलता त्यांना रडू कोसळले आणि परिषद काही ठोस करत नाही तोवर अन्न घेणार नाही, असे त्यांनी जाहीर केले.

पुढच्या वर्षी ते चालायला निघाले. दिवस निवडला २ ऑक्टोबर २०१४, म्हणजे गांधीजयंतीचा. संयुक्त राष्ट्रे तो दिवस अहिंसा दिन म्हणून पाळतात. मनिला ते टाक्लोबान, सुमारे हजार किलोमीटर. मधली सामुद्रधुनी तेवढी बोटीने, बाकी सगळे पायी. ८ नोव्हेंबरला, वादळाच्या पहिल्या स्मृतिदिनी, ते टाक्लोबानला पोहोचले. हिशेब केला तर रोजचे सरासरी पंचवीस किलोमीटरच्या वर पडतात.

२०१५ च्या जूनमध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला सान्यो रोमहून पॅरिसकडे निघाले. या वेळी दीड हजार किलोमीटर, सुमारे साठ दिवस. भाऊही सोबत होता; तो चित्रकार, वाटेत भिंतींवर चित्रे काढत गेला. पण १३ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये दहशतवादी हल्ले झाले आणि २९ तारखेला होणाऱ्या मोठ्या मोर्चाला सरकारने बंदी घातली. तेव्हा लोकांनी काय केले? शहरातील एका मोठ्या चौकात हजारो रिकामे बूट मांडून ठेवले. त्यात पोप महोदयांनी पाठवलेला एक काळ्या बुटांचा जोडही होता. मला ते बूट फार जवळचे वाटतात. प्रवचने आपण पुष्कळ ऐकतो, पण धर्मगुरूचे बूट मोर्चात क्वचितच दिसतात. हे मी स्वतःलाही सांगतो आहे.

आता मावशींचा प्रश्न. १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिस करार झाला. पृथ्वीची तापमानवाढ शक्यतो दीड अंशावर रोखण्याचा प्रयत्न करू, असे राष्ट्रांनी त्यात मान्य केले. आणि २०२४ हे सबंध वर्ष त्या दीड अंशाच्या वर गेले. एका वर्षावरून करार मोडला असे ठरत नाही हे खरे, पण दिशा कोणती ते स्पष्ट आहे. मग सान्यो यांच्या अडीच हजार किलोमीटरांचे काय झाले? ऊन कमी झाले नाही, मावशी. हे आपण प्रामाणिकपणे कबूल करून पुढे जाऊ.

लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊसकडे चालले आहेत. अंतर सुमारे अकरा किलोमीटर. पुनरुत्थित प्रभू त्यांना वाटेत गाठतो. तो काय करतो ते नीट बघा. लगेच शिकवायला लागत नाही. आधी विचारतो, तुम्ही कशाबद्दल बोलत आहात? सगळे ठाऊक असूनही तो त्यांच्याकडून सगळे ऐकून घेतो. मग शास्त्र उलगडतो. गाव आल्यावर ते त्याला आग्रहाने घरात बोलावतात आणि भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडतात. हे सगळे चालीच्या वेगाने घडते. ते दोघे घोड्यावरून गेले असते तर कदाचित अनोळखी माणूस त्यांच्यासोबत आलाच नसता.

संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनात या जगात जगणाऱ्या माणसाला 'वाटसरू' असा शब्द आहे. देवाला समोरासमोर पाहणाऱ्यांपर्यंत जो अजून पोहोचला नाही, तो वाटसरू. सेमिनरीत मी ती व्याख्या पाठ केली होती. वाटसरू दुसऱ्याच्या ओसरीवर झोपतो आणि दुसऱ्याच्या घरचे पाणी पितो, हे मात्र परीक्षेत कोणी विचारले नव्हते.

म्हणूनच धामणीचा मार्ग मला पटला. माझी पहिली कल्पना वेगळी होती: टेम्पोवर लाऊडस्पीकर, फलक, एकसारखे टी-शर्ट, धरणावर भाषण. युवकांनीच मला थांबवले. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा सूर्या नदीचा, म्हणजे धामणीचा आहे. तो प्रकल्प मुळात त्या भागातल्या शेतीसाठी योजला होता. पाणी शहरांकडे वळवण्याविरुद्ध तेथील आदिवासींनी आंदोलनेही केली आहेत. आपल्या जिल्ह्याच्या त्या डोंगराळ भागात उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन पाण्यासाठी पायपीट करतात. ज्यांचे पाणी आपण पितो त्यांना आपण जाऊन हवामान बदल समजावणार? त्यांनी बोलावे आणि आपण ऐकावे. पाऊस कधी यायचा, आता कधी येतो, भात कापणीला आले की परतीचा पाऊस काय करतो, हे त्यांना ठाऊक आहे. आपल्याजवळही सांगण्यासारखे आहे: मे २०२१ च्या तौक्ते वादळात झोपलेल्या केळी, मचूळ झालेल्या विहिरी. अर्थात विहिरींच्या बाबतीत आपण केलेला बेसुमार उपसाही कारण आहे. सगळा दोष हवामानावर टाकून मोकळे होऊ नये.

असे ठरवले की तयारीही बदलते. युवकांना ४ ऑक्टोबरला, संत फ्रान्सिसच्या सणाला, धरणावर पोहोचायचे होते. पण तेव्हा भात तयार असते, यजमान शेतात असतात, वर पावसाचा नेम नाही. म्हणून प्रकटीकरणाच्या सणानंतरचा जानेवारी महिना धरू. सान्यो यांचे पंचवीस किलोमीटर आपल्याला झेपणार नाहीत. रोज सोळा ते अठरा पुरे, म्हणजे साधारण सहा दिवस. पहाटे निघून अकराच्या आत चाल संपवायची, दुपार आणि संध्याकाळ त्या गावासाठी ठेवायची. चार जणांनी आधी एकदा सगळा मार्ग फिरून यावे आणि प्रत्येक मुक्कामी विचारावे: आम्ही आलो तर तुमच्यावर भार पडेल का? पाणी पुरेल का? शिधा आपण न्यायचा, स्वयंपाक त्यांच्यासोबत करायचा.

स्त्रियांसाठी शौचालय कुठे आहे, हे मुक्काम ठरवण्याआधी पाहायचे, नंतर नव्हे. प्लास्टिकच्या बाटल्या नकोत. प्रत्येकाने आपली स्टीलची बाटली आणावी, पिंप मागून येणाऱ्या गाडीत राहील. त्याच गाडीत औषधांची पेटी आणि थकलेल्यांसाठी जागा. नवे बूट घालून कोणीही येऊ नये, पहिल्याच दिवशी फोड येतील. आतापासून रोज मिस्साला पायी या, तीच तालीम. पोलिसांची परवानगी लेखी घ्यायची. महामार्गावरून चालायचे नाही, आतले रस्ते शोधायचे. महामार्ग जेथे ओलांडावा लागेल तेथे लहान मुलांना कसे न्यायचे, हे अजून सुटलेले नाही. कोणाला त्या रस्त्यांची चांगली माहिती असेल तर कृपया मला भेटावे.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये बैठक आहे. नावे आपापल्या समूहप्रमुखांकडे द्यावीत. मावशींनी पहिल्या मुक्कामापर्यंत आपले नाव दिले आहे. गुडघे काय म्हणतात ते तेव्हा बघू, असे त्यांचे म्हणणे आहे.

आपला,
फादर