पेटीचा नाद आणि विजेची जोड : गिटारीची पारख

भिलाई-३ हे हावडा–मुंबई लोहमार्गावरील स्थानक. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार भिलाईचा पोलाद कारखाना उभारला गेला आणि १९५९ मध्ये तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्यापाठोपाठ देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे या परिसरात येऊन राहिली. त्यांच्याबरोबर त्यांची वाद्येही आली. गणेशोत्सवाच्या व दुर्गापूजेच्या मांडवांत ढोलक, हार्मोनियम आणि विजेवर चालणारा कीबोर्ड यांच्या शेजारी आज गिटारही दिसते. ही गिटार बहुधा दुहेरी जातीची असते. तिला पोकळ लाकडी पेटी असते, म्हणून ती घरी विजेवाचून वाजते. पेटीत एक विद्युत् साधन बसवलेले असते, म्हणून तार जोडताच तिचा आवाज ध्वनिवर्धकातून मांडवभर पोहोचतो. एकाच पैशांत दोन वाद्ये मिळाल्याचा आनंद घेणाऱ्याला होतो. परंतु ही दोन्ही वाद्ये सारख्याच योग्यतेची असतात असे नाही, आणि दुकानात त्यांतील जे वाद्य अधिक मोहात पाडते ते बरेचदा दुय्यम असते.

ताणलेली तार एकटी असता जवळजवळ मुकी असते. ती इतकी बारीक असते की कंप पावताना फारच थोडी हवा हलवते. या भागातील रसिकांना हे निराळे सांगण्याचे कारण नाही. भिलाईजवळच्या गनियारी गावी जन्मलेल्या तीजनबाईंनी पंडवानी गाताना ज्या तंबुऱ्याला कधी भीमाची गदा तर कधी अर्जुनाचे धनुष्य केले, त्या तंबुऱ्याचा भोपळा काढून घेतला तर उरेल ती केवळ काठी आणि तार. गिटारीत भोपळ्याचे काम पेटी करते. तारेचे कंपन घोडीवाटे पेटीच्या वरच्या फळीत, म्हणजे तबलीत, उतरते. तबली मोठ्या क्षेत्रफळाची असल्याने ती पुरेशी हवा हलवते. पेटीतील हवेचाही स्वतःचा एक स्वर असतो. मोठ्या आकाराच्या गिटारीत तो साधारण १०० हर्ट्झच्या आसपास येतो. गिटारीची पाचवी तार ११० हर्ट्झला मिळवलेली असते, म्हणजे ती या स्वराची शेजारीण. ही गोष्ट पुढे रंगमंचाच्या संदर्भात उपयोगी पडेल.

गिटारीला वीज जोडण्याची गरज प्रथम भासली ती हवाई बेटांतील वादनपद्धतीमुळे. त्या पद्धतीत गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवतात. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर या वादनाचे वेड अमेरिकेत पसरले, परंतु वाद्यवृंदाच्या गर्दीत तो नाजूक आवाज बुडून जाई. १९३० नंतरच्या पहिल्या दोन वर्षांतच चुंबकाच्या साहाय्याने तारेचे कंपन टिपणारी गिटार तयार झाली, आणि ती हवाई पद्धतीचीच होती. भारतातही गिटारीने प्रथम मन जिंकले ते याच रूपाने. व्हॅन शिपली यांची विद्युत् गिटार आणि पुण्याचे एनॉक डॅनियल्स यांचे ॲकॉर्डियन यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजल्या. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार ऐकू येते. कांडी सरकवून मींड घेता येते, हे त्या वाद्याचे आपल्या संगीताशी नाते जुळण्याचे मोठे कारण. ज्याला रागसंगीतच वाजवायचे आहे, त्याने हा प्रश्न वाद्य घेण्यापूर्वी सोडवावा. उभी धरून वाजवायच्या गिटारीचे पडदे पक्के असतात. तार बाजूला ओढून थोडी मींड मिळते, परंतु कांडीची अखंड सरक मिळत नाही. आज बाजारात प्रामुख्याने आढळते ती ही उभी गिटार, आणि येथून पुढचे विवेचन तिच्याविषयीच आहे.

चुंबकाचे साधन पोलादी तारेचे कंपन टिपते, लाकडाच्या नादाशी त्याला फारसे कर्तव्य नसते. पेटीच्या गिटारीला दुसरा मार्ग हवा होता, आणि तो एका जुन्या शोधात सापडला. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांत विद्युत् दाब निर्माण होतो, हे झाक व पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले होते. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या ओव्हेशन कंपनीने या तत्त्वावरील साधन घोडीत बसवले आणि पुढे हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. तारा ज्या अरुंद पट्टीवर टेकतात तिच्याखाली स्फटिकाची एक बारीक पट्टी दडवलेली असते. तिच्यातून येणारा प्रवाह अत्यंत क्षीण असल्याने पेटीच्या कडेला एक लहान पूर्ववर्धक बसवतात, आणि त्याला सामान्यतः ९ व्होल्टची बॅटरी लागते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. समोर बसलेला श्रोता तबलीने हलवलेली हवा ऐकतो. स्फटिकाची पट्टी मात्र तारेचा घोडीवरील दाब ऐकते. गवयाचा आवाज समोरून ऐकावा आणि त्याच्या गळ्याला कान लावून ऐकावा, इतका हा फरक आहे. म्हणून विजेच्या जोडीतून येणारा स्वर काहीसा कोरडा, टोकदार आणि आघातप्रधान असतो. चांगला पूर्ववर्धक ही टोके बोथट करतो, पण जो गोडवा लाकडातच नाही तो वीज आणून देऊ शकत नाही.

यावरून निवडीचा क्रम ठरतो. गिटार प्रथम विजेवाचून ऐकावी. दुकानात बहुधा उलट घडते. विक्रेता आरंभीच तार जोडतो, यंत्रातील कृत्रिम घुमारा वाढवतो, आणि त्या घुमाऱ्यात कोणतेही वाद्य देवळाच्या गाभाऱ्यात वाजल्यासारखे भासते. ग्राहकाने नम्रपणे ती तार काढावयास सांगावी. मग सहाही तारा एकेक करून, प्रत्येक पडद्यावर दाबून, सावकाश वाजवाव्यात. एखाद्या ठिकाणी खरखर आली, किंवा स्वर उमटताच मेल्यासारखा झाला, तर तेथील पडदा उंचसखल आहे असे समजावे. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता बोटाचा स्पर्श करून मिळणारा स्वर आणि तेथेच तार दाबून मिळणारा स्वर एकच असला पाहिजे. तो एक नसेल तर गिटार खालच्या पट्टीत सुरात आणि वरच्या पट्टीत बेसूर वाजेल. हा दोष पुष्कळदा घोडीवरील पट्टी दुरुस्त करून जातो, पण नेहमीच जातो असे नाही.

सुतार फळीची सरळता पाहतो त्याप्रमाणे खुंट्यांच्या बाजूने डोळा लावून मान पाहावी. तिला अगदी किंचित, पुढच्या बाजूने पोकळ असा बाक असावा. पिळा मात्र मुळीच नसावा. पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलोग्रॅम असतो, म्हणजे एक प्रौढ माणूस या वाद्याला अहोरात्र लटकलेला असतो. मानेत बसवलेली पोलादी सळई फिरवून बाक कमीअधिक करता येतो, पिळ्यावर मात्र तिचा इलाज चालत नाही. बाराव्या पडद्यापाशी तारेची उंची जाड तारेखाली अडीच व बारीक तारेखाली दोन मिलिमीटरांच्या आसपास असेल तर नवशिक्याची बोटे फार दुखत नाहीत. शिकण्यास आरंभ केलेली कितीतरी मुले सहा महिन्यांत गिटार कपाटावर ठेवतात. त्यांच्या आळसाला दोष दिला जातो, पण दोष बरेचदा चार मिलिमीटर उंच असलेल्या तारांचा असतो.

विजेच्या जोडीची परीक्षा त्यानंतर घ्यावी. स्वर कमीअधिक करण्याच्या सर्व कळा मध्यावर ठेवाव्यात आणि सहा तारा सारख्याच जोराने छेडाव्यात. एखादी तार दबलेली वाटली तर पट्टी स्फटिकावर सपाट बसलेली नाही असे ओळखावे. नंतर वाद्य दुसऱ्याच्या हाती देऊन स्वतः पाचसहा मीटर दूर उभे राहावे. वाजवणाऱ्याला पेटीचा आवाज छातीशी लागून ऐकू येत असतो, श्रोत्याला तो येत नाही.

लाकडाचा प्रश्न भिलाई-३ सारख्या ठिकाणी निराळे रूप घेतो. पुस्तकांतून सांगितले जाते की तबली अखंड स्प्रूसच्या फळीची असावी, आणि ते खरेच आहे. थरांच्या लाकडापेक्षा अखंड फळी अधिक मोकळेपणाने कंप पावते, आणि वर्षानुवर्षे वाजवल्याने तिचा नाद उमलतो असा वादकांचा अनुभव आहे. पेटीच्या बाजू व पाठ यांसाठी भारतीय शिसवीला जगभर मान आहे. मार्टिन या अमेरिकेतील जुन्या कंपनीने १९६९ मध्ये दुर्मीळ होत चाललेले ब्राझीलचे लाकूड सोडून हीच शिसवी स्वीकारली. परंतु हे सर्व लाकूड जिवंत असल्यासारखे हवेतील ओलावा घेते आणि सोडते. पावसाळ्यात फुगून अडणारे दार प्रत्येक घरात असते, त्याच जातीचा हा व्यवहार. ओलावा निम्म्यावरून एकपंचमांशावर उतरला तर ४० सेंटिमीटर रुंदीची तबली दोन मिलिमीटरांहून अधिक आकसू पाहते. तिला खालच्या आडव्या पट्ट्यांशी सरसाने जखडलेले असल्याने ती आकसू शकत नाही, आणि मग ती तडकते.

छत्तीसगडचा मे महिना कोरडा व भाजणारा असतो. त्यात दुपारभर बंद खोलीत पाण्याचा कूलर चालतो. म्हणजे सकाळी हाडासारखे वाळलेले लाकूड दुपारी ओल्या वाऱ्यात असते आणि कूलर बंद होताच पुन्हा वाळू लागते. जूनमध्ये पाऊस येतो आणि सगळेच दमट होते. वाद्याला सततच्या कोरडेपणाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्रास या हेलकाव्यांचा होतो. म्हणून या प्रदेशात सर्वांगी अखंड लाकडाची महाग गिटार घेणे प्रत्येकाला परवडेलच असे नाही. येथे किमतीपेक्षा निगराणीचा प्रश्न मोठा आहे. तबली अखंड, परंतु बाजू व पाठ थरांच्या लाकडाच्या, ही तडजोड पुष्कळ समंजस आहे. ज्या घरी वाद्य खुंटीला उघडे टांगले जाणार हे निश्चित, तेथे पूर्ण थरांच्या लाकडाची गिटारही कमीपणाची मानू नये. तिचा नाद थोडा बंद असतो, पण मेनंतर ती अखंड असते. अखंड फळीचे वाद्य घेतलेच तर ते पेटाऱ्यात ठेवावे, कूलरच्या झोतात आणि पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीशी ठेवू नये, आणि पेटाऱ्यात आर्द्रतामापक ठेवून काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. उन्हाळ्यात गिटार पार्सलने घरी आली तर खोका एक दिवस तसाच बंद राहू द्यावा. उत्साहाने लगेच उघडलेली पेटी एकदम निराळ्या हवेत येते.

ठरावीक पैशांत विजेची जोड घ्यावी काय? एकाच किमतीच्या दोन गिटारींत जिच्यात विद्युत् साधन आहे तिच्या लाकडावर व कारागिरीवर तितकाच कमी खर्च झालेला असतो, हा साधा हिशेब आहे. ज्याला घरी वाजवायचे आहे, क्वचित शाळेच्या संमेलनात वाजवायचे आहे, त्याने साधी गिटार घ्यावी. समोर मायक्रोफोन ठेवला की त्याचे काम भागते, आणि स्फटिकाची पट्टी पुढे केव्हाही बसवून घेता येते. मान मात्र बदलता येत नाही. ज्याला मांडवात ढोलक व कीबोर्डच्या बरोबरीने दर वर्षी उभे राहायचे आहे, त्याला जोड आवश्यकच आहे. तेथे मायक्रोफोन गिटारीपेक्षा ढोलकच अधिक टिपतो.

अशा वादकाला हाताचे वळणही थोडे बदलावे लागते. पेटीतून आवाज काढण्याची सवय असलेला उजवा हात जोराने आघात करतो, आणि स्फटिक त्या आघाताचाच खडखडाट मोठा करून ऐकवतो. विजेवर वाजवताना छेड हलकी ठेवावी आणि जोर ध्वनिवर्धकावर सोपवावा. हात पेटीच्या तोंडावर किंवा किंचित मानेकडे ठेवल्यास स्वर भरीव होतो, घोडीकडे नेल्यास तो अधिकच टोकदार होतो. घरच्या रियाजातही आठवड्यातून एकदा वाद्य विजेवर वाजवावे, नाहीतर उत्सवाच्या दिवशी स्वतःचीच गिटार परकी वाटते.

मांडवातील मोठी अडचण म्हणजे घोंगावणे. कर्ण्यातून निघालेला आवाज पेटीत शिरतो, तबली हलवतो, ते कंपन पुन्हा कर्ण्यातून मोठे होऊन बाहेर पडते आणि हे चक्र वाढतच जाते. पेटीतील हवेचा जो स्वर वर सांगितला, बहुधा त्याच्याच आसपास हे घोंगावणे सुरू होते; म्हणून पाचवी तार छेडली की मांडव गुरगुरू लागतो. त्या वेळी सगळा आवाज कमी करण्याऐवजी १०० हर्ट्झच्या जवळचा खर्ज तेवढा उतरवावा. पेटीच्या तोंडावर रबराची चकती बसवली तर बराच आराम पडतो. कर्ण्याच्या तोंडासमोर उभे राहू नये. लहान पेटीची गिटार या बाबतीत मोठीपेक्षा शहाणी असते. घोंगावण्याऐवजी एकसारखी गुणगुण येत असेल तर ती बहुधा ५० हर्ट्झच्या वीजप्रवाहाची असते आणि तिचे मूळ भूसंपर्क नसलेल्या जोडणीत सापडते. अशी जोडणी केवळ कानाला नव्हे तर जिवालाही धोक्याची असल्याने ती दुरुस्त होईपर्यंत तार जोडू नये.

बहुतेक गिटारींत तार खुपसताच पूर्ववर्धक चालू होतो, मग कोणी वाजवो वा न वाजवो. आरतीनंतर प्रसादाला जाताना तार तशीच राहिली तर रात्रीच्या कार्यक्रमात बॅटरी साथ देत नाही. वाद्य खाली ठेवताना तार काढावी, आणि पेटाऱ्यात एक नवी बॅटरी जवळ बाळगावी.