रॉइसडालची ‘ज्यू दफनभूमी’ : भाववृत्ती आणि प्रतीक

याकोब फान रॉइसडाल या डच चित्रकाराने ‘ज्यू दफनभूमी’ दोनदा रंगविली. एक चित्र ड्रेस्डेनला आहे, दुसरे, आकाराने बरेच मोठे, डेट्रॉइटला. दोन्ही सामान्यतः १६५० नंतरच्या दशकातील मानली जातात. काळे ढग, थडगी, भग्न वास्तू, वठलेले झाड, उसळता ओढा आणि इंद्रधनुष्य, एवढी सामग्री एकत्र आल्यावर प्रतीकांचा शोध सुरू व्हावा हे स्वाभाविकच. जर्मन कवी गटे याने १८१६ मध्ये रॉइसडालला कवी मानून ड्रेस्डेनच्या चित्राचे विवेचन केले. उलट, रॉइसडालचा मोठा चाहता असलेल्या इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलने १८३६ च्या एका व्याख्यानात शंका काढली : ओढा म्हणजे जीवनप्रवाह हे प्रेक्षकाने ओळखावे कसे?

शंका रास्त आहे. पण प्रत्येक वस्तूला कोशातला एकेक अर्थ असतो असे ती गृहीत धरते. वस्तुस्थिती पाहावी. ही थडगी आम्स्टेल नदीकाठच्या औडरकर्क येथील, आम्स्टरडॅमच्या पोर्तुगीज ज्यूंची. त्यांपैकी एक फ्रान्सच्या राणीचा वैद्य मोंताल्तो याचे. तो १६१६ मध्ये वारला. रॉइसडालने जागेवर बसून केलेली रेखाटने हारलेमच्या संग्रहालयात आहेत, आणि थडग्यांपुरता तो त्यांच्याशी प्रामाणिक राहिला आहे. बाकीचे सारे त्याने रचले. औडरकर्कची भूमी सपाट. तेथे असा ओढा नाही, आणि भग्नावशेष तर दूरच्या एग्मंडचे. दफनभूमी १६१४ ची, म्हणजे तेव्हा जेमतेम चाळीस वर्षांची. टिकावीत म्हणून उभारलेल्या या नव्या दगडांशेजारी चित्रकाराने मुद्दाम एक पडकी वास्तू आणून ठेवली. अर्थ उपजतो तो या सान्निध्यातून. (थडगी ज्यूंची म्हणून चित्रातून धर्ममताचा निवाडा काढणे मला ओढूनताणून केलेले वाटते.)

आपल्या काव्यशास्त्रात निसर्ग बहुधा उद्दीपनविभाव असतो. शोक कोणा पात्राचा, मेघ त्याला गडद करणारे. येथे शोक वाहणारे ठळक पात्रच नाही. जे उद्दीपन तेच आलंबन झाले आहे.

दोन चित्रे शेजारी ठेवली की कॉन्स्टेबलच्या शंकेचे उत्तर मिळते. सामग्री जवळजवळ तीच. परंतु ड्रेस्डेनच्या चित्रात अंधार दाटतो आणि इंद्रधनुष्य पुसट होते. डेट्रॉइटच्या चित्रात आकाश अधिक उजळ, इंद्रधनुष्य स्पष्ट. पहिल्यात ते विरून जाताना भासते, दुसऱ्यात नुकते उमटलेले.