धुऱ्यावरची रानतूर ओळखा, राखा

पिंपळगाव राजा परिसरात तूर आपल्या ओळखीचे पीक आहे. या तुरीची एक रानटी बहीण अजिंठ्याच्या डोंगररांगेत, गवताळ उतारांवर आणि पडीक धुऱ्यांवर वाढते. तिला रानतूर म्हणतात. शास्त्रीय नाव कजानस स्कॅराबिऑइडीस.

ही उभी वाढत नाही, गवतावर वेलासारखी पसरते. पान तीन पर्णिकांचे, पण तुरीपेक्षा आखूड, बोथट टोकाचे व खालून लवदार. पावसाळा सरताना पानांच्या बेचक्यात लहान पिवळी फुले येतात. शेंग जेमतेम दोन सेंटिमीटरची असून दाण्यांच्या मधे आडव्या खाचा असतात. वाळली की तडकते आणि बी उडून जाते.

शेंगेवरून बोट फिरवून पाहा. तुरीची शेंग किंचित चिकट लागते, हिच्यावर मात्र दाट केसांचे आवरण असते. अंड्यातून नुकतीच निघालेली घाटेअळी या केसांतून सालीपर्यंत सहजी पोचत नाही. हंगामात फवारणीवर होणारा खर्च आठवला की या केसांचे मोल कळते.

हा गुण तुरीत उतरवणे मात्र वेळखाऊ काम आहे. संकर होतो, पण त्यासोबत बारीक दाणा, तडकणारी शेंग व वेलाची सवयही येते. ती काढण्यासाठी पुन्हापुन्हा तुरीशीच संकर करावा लागतो. तरीही उपयोग झालेला आहे. गुजरातमध्ये २००४ साली प्रसारित झालेल्या जीटीएच-१ या संकरित तुरीच्या मादी वाणातील नरवंध्यत्व याच रानतुरीकडून आले.

धुऱ्यावर रानतूर आहे म्हणून शेतातल्या तुरीला अळी लागणार नाही, असे समजू नये. कामगंध सापळे, पक्षिथांबे आणि फुलोऱ्याच्या सुरुवातीस ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी ही कामे चुकवू नयेत.

तणनाशक मारताना किंवा धुरा पेटवताना रानतुरीचा पट्टा तेवढा सोडावा. शेंगा धरण्यापूर्वी गुरे चारल्यास बी पडत नाही, म्हणून एखादा कोपरा तरी काटेरी फांद्या लावून राखावा. ज्ञानगंगा अभयारण्यातून झाडे वा बी आणू नये. आपल्या शेतात अधिक केसाळ, वेगळी दिसणारी वेल आढळल्यास ती उपटू नका. जागेची खूण करून अकोला येथील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या केंद्रास किंवा डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कडधान्य संशोधकांस कळवावे.